अण्णांचा ओरडा घरपोच

मी करमाळ्याचा, सोलापूर जिल्हा, आणि आता राहतो ऑस्ट्रेलियात, टूवूंबात, ब्रिस्बेनपासून गाडीनं दीड-दोन तास, वर डोंगरावर. गाव तसं आमच्यासारखंच आहे बघा, शेतकरी, ट्रॅक्टर, दुकानात गेलं की ओळखीचं कुणीतरी भेटणारच, फक्त एसटी नाही, गाडी नसली की माणूस घरात बसला. आमचे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, करमाळ्यात हायस्कूलला गणित शिकवायचे. देवकर सर. मारायचे नाहीत, कधीच नाही. बोलायचे. आधी चष्मा काढून टेबलावर ठेवायचा, टक्. मग जरा गप्प. मग हळू आवाजात सुरू, आणि वर चढत चढत शेवटाला असं एक वाक्य सोडायचे की पोरगं म्हणायचं सर, त्यापेक्षा दोन छड्या द्या. एकाला म्हणले होते, बाळ, तुझ्यावर जेवढा खडू घालवला तेवढा या भिंतीवर घालवला असता तर भिंत आज गुणाकार करत असती.

मला नकलांचा नाद लहानपणापासनं. कंडक्टर, डॉक्टर, शाळेतले सगळे सर, कुणाला सोडलं नाही. अण्णांची नक्कल सगळ्यात भारी जमायची, पण त्यांच्यासमोर कधी केली नाही, जीव प्यारा होता.

तर इथं आलतो यूनीत, म्हणजे विद्यापीठात शिकायला, आणि झालो हॉस्पिटलात वॉर्ड्समन. म्हणजे पेशंटची ट्रॉली ढकलायची, एक्सरेला न्यायचं, परत आणायचं, वाटेत दोन जोक सांगायचे. बायको सेलीन, वसईची, त्याच हॉस्पिटलात नर्स. घर घेतलं, हप्ता सुरू झाला, आणि सेलीनची पाठ दुखायला लागली, तिला आठवड्याची एक शिफ्ट कमी करायची होती. म्हणजे महिन्याला वरचं काहीतरी आणायचं काम माझं. म्हणलं मोबाईल आहे, इंटरनेट आहे, आपण काय कमी आहे का.

काय सांगू तुम्हाला, काय काय केलं! सर्व्हे भरले. पंचवीस मिनिटं विचारणार कुठली टूथपेस्ट वापरता, घरात कुत्री किती, आणि सव्विसाव्या मिनिटाला म्हणणार सॉरी, तुम्ही या सर्व्हेत बसत नाही. अरे मग कुत्री कशाला मोजली? मग टी-शर्ट, डिझाइन आपण टाकायचं, छापणारा दुसराच. मी टाकलं, जेवलास का मेट, मेट म्हणजे इथलं भावा. तीन खपले, त्यातले दोन सेलीननं घेतले. मग मोबाईलपुढं मराठी वाक्यं वाचायचं काम मिळालं, मशीनला आपली भाषा शिकवतात म्हणे. आजचे हवामान कसे आहे, आजचे हवामान कसे आहे, दोनशे वेळा. तेही परत आलं, मागून पक्ष्यांचा आवाज येतो म्हणून. आता आमच्या मागच्या झाडावर शंभर काकाकुवा बसतात, त्यांना मी काय सांगू, मेट, माझं रेकॉर्डिंग आहे?

आणि मग हे ओरड्याचं झालं. झालं म्हणजे आपोआपच झालं. इथल्या मराठी पोरांचा एक व्हॉट्सॅप ग्रुप आहे, त्यात एकानं लिहिलं, आज पण लेक्चर झोपेत गेलं, घरी असतो तर बापानं उठवलं असतं. मी गंमत म्हणून अण्णांच्या आवाजात अर्ध्या मिनिटाचं बोलणं पाठवलं. टक्, चष्मा ठेवल्याचा आवाज पण काढला. आर्व्होपर्यंत, म्हणजे दुपार कलायच्या आत, ते पार उत्तरेला डार्विनला पोचलं, सिडनीत स्कोफिल्ड्सला पोचलं, आणि मला मेसेजवर मेसेज, भाऊ मला पण, भाऊ माझ्या नावानं कर, भाऊ कितीला?

मला कळंना, माणूस पैसे देऊन बोलणी कशाला खाईल? मी विचारलंच एकाला. स्कोफिल्ड्सचा इंजिनियर, दोन पोरांचा बाप. तो म्हणला, अरे इथं मला कुणी बोलतच नाही रे. ऑफिसात चूक केली तरी नो वरीज मेट. बायको भांडते, पण ते वेगळं. आपलं नेमकं किती चुकलंय ते सांगणारं कुणी उरलंच नाही. मी ट्रॉली ढकलताना दोन दिवस त्यावरच विचार करत होतो.

मग रीतसर धंदा. एबीएन, म्हणजे इथला धंद्याचा सरकारी नंबर काढला, फॉर्मवर विचारलं काम काय, लिहिलं व्हॉइस आर्टिस्ट, आता ओरडणे असं कसं लिहिणार. महिन्याची वर्गणी, रोज सकाळी एक व्हॉइस मेसेज, तुमच्या नावानिशी. आवाज तुम्ही निवडायचा, आई आहे, मावशी आहे, शेजारच्या काकू आहेत, पण सगळ्यात जास्त खपायचे सर. तीन-चार महिन्यांत सेलीननं ती शिफ्ट सोडली. ती म्हणली, छान चाललंय तुझं, पण काय रे, अण्णांना विचारलंस का? म्हणलं, त्यांना कुठं कळणारे, माणूस करमाळ्यात, गिऱ्हाईक डार्विनला. ती म्हणली, बघ हां.

आता त्याच डार्विनला एक ऋतुजा म्हणून मुलगी, नर्सिंग शिकते, संध्याकाळी वृद्धाश्रमात काम करते, सकाळी उठवत नाही. तिला रोज सातला सर जायचे. एकदा तिनं व्हिडिओ कॉलवर गंमत म्हणून आईला ऐकवलं. तिची आई जेऊरची. जेऊर म्हणजे आमच्या करमाळ्यापासून हाकेवर! ती बाई ऐकता ऐकता खुर्चीवरनं उठून उभी राहिली, पदर सारखा केला, आणि म्हणली अगं, हे देवकर सर! दहावीला होते मला! रोज सकाळी सातला उठवतात तुला? म्हणजे आपल्याकडं पहाटेचे तीन की गं!

पोरीला काय माहीत कोण देवकर. ती म्हणली, असतील. आणि होते नव्हते ते सगळे मेसेज आईला पाठवून दिले.

दुसऱ्या दिवशी ती बाई किलोभर पेढे घेऊन आमच्या करमाळ्याच्या दारात. हे मला आईनं सांगितलं. अण्णांच्या पाया पडली, म्हणली सर, रिटायर झालात तरी माझ्या लेकीसाठी पहाटे तीनला उठता, कसे उपकार फेडू. आई म्हणली, मी तर बघतच राहिले, कारण तुझे अण्णा सातच्या आधी कूस बदलत नाहीत. आणि अण्णा? अण्णांनी नाही म्हणलं नाही. पेढ्यांचा बॉक्स हातात घेतला, म्हणले, मुलगी हुशार दिसते, करेल. मग म्हणले, ते मेसेज जरा मला पाठव.

ती गेली आणि अण्णा आतल्या खोलीत जाऊन बसले. आवाज ओळखायला त्यांना किती वेळ लागणार?

त्या रविवारी मी फोन केला तर आई म्हणली, ते बाहेर गेलेत. मागं खोकल्याचा आवाज. अण्णांचाच खोकला, मला नाही ओळखू येणार? पुढच्या रविवारी, झोपलेत. त्याच्या पुढच्या रविवारी, अंघोळीला गेलेत, संध्याकाळी पाचला. तसं आमचं बोलणं काय फार नव्हतं, जेवलास का, थंडी आहे का, एवढंच, पण तेवढंच होतं ना. ते बंद झालं. आता कायमचं बंद का काय, कळायला मार्ग नाही. सरांचे मेसेज मी थांबवले. गिऱ्हाइकं विचारायला लागली, सर कुठं गेले? म्हणलं, सर रजेवर आहेत.

डोक्यात एकच. कशाचा राग आला असंल? चोरी केली म्हणून? पैसे घेतले म्हणून? का चारचौघांत हसं केलं म्हणून? सेलीन म्हणली, विचार ना त्यांनाच. म्हणलं, फोनवर यायला तर पाहिजेत. शेवटी आईला विचारलं, करतात काय दिवसभर? ती म्हणली, वही-पेन घेऊन बसलेत, कानाला मोबाईल. पेपर तपासायलेत तुझा.

चौथ्या रविवारी फोन उचलला तो अण्णांनीच. हॅलो नाही, काही नाही. पहिलंच वाक्य, मी पहाटे तीनला उठतो म्हणे.

मी उठून उभा राहिलो.

म्हणले, बेचाळीस आहेत. सगळे ऐकले. पाचवा चुकलाय, मी गधड्या कधी कुणाला म्हणलो नाही. अकरावा लांबलाय. चष्म्याचा आवाज कशानं काढलास? म्हणलं, डबीच्या झाकणानं. हं, म्हणले. मला वाटलं, सुटलो.

मग म्हणले, सतरावा.

सतरावा काय होता सांगतो. बाळ, तू माझा विद्यार्थी आहेस हे बाहेर कुणाला सांगू नको. सगळ्यात जास्त मागणी त्याला, लोक हसायचे, एकमेकांना पाठवायचे.

अण्णा म्हणले, त्यात विद्यार्थी नव्हतं.

म्हणलं, नव्हतं.

मुलगा होतं.

म्हणलं, हो.

माझ्या दहावीच्या पूर्वपरीक्षेचे पेपर वाटताना अण्णा म्हणले होते, सगळ्या वर्गापुढं. हा माझा मुलगा आहे हे बाहेर कुणाला सांगू नका. वर्ग हसला, मी सगळ्यात मोठ्यानं हसलो, आणि मधल्या सुट्टीत त्यांच्याच आवाजात करून दाखवलं. मला वाटलं होतं ते विसरले असतील. वर्गात रोज कुणाला ना कुणाला काहीतरी म्हणायचे, कुठलं कुठलं ध्यानात ठेवणार.

मग अण्णा गप्प झाले. आता त्यांचं गप्प होणं मला पाठ आहे, कुठल्या वाक्याआधी किती वेळ थांबतात ते, तोच तर माझा धंदा. पण हे गप्प होणं मी कधी ऐकलेलं नव्हतं. मी मोबाईल कानाला घट्ट धरून उभा, सेलीन लांबून खुणेनं विचारायलीय काय झालं, काय झालं.

म्हणले, तो काढून टाक. बाकीचे चालू दे. आणि फोन आईकडं दिला.

काढला तो, त्याच दिवशी. लोक अजून मागतात, म्हणतो संपला. बाकी सर रजेवरून परत हजर झालेत. अण्णा आता रविवारी स्वतः फोनवर येतात, गिऱ्हाइकांची चौकशी करतात, तो इंजिनियर कसा आहे, त्याला कुणी बोललं का. परवा म्हणले, त्या जेऊरच्या मुलीला सांग, अपूर्णांक पक्के कर म्हणावं, औषधाच्या डोसाला लागतात. म्हणलं, अण्णा, मग तुम्हीच बोला की एकदा तिच्याशी, खरे सर.

म्हणले, नको. घाबरेल ती. तूच सांग, माझ्या आवाजात.