नाव सांगा, साल सांगा, पान सांगा

मले काहून उभं केलं बाप्पा? हार घातला, नारळ दिला, चहा पाजला, झालं ना! आता जाऊ द्या ना गा माणसाले घरी! तं नाही... 'नत्थूजी, दोन शब्द बोला.' दोन शब्द! पंचवीस साल ह्या दवाखान्याच्या लायब्ररीत मी तोंड उघडलं का हे दत्तोपंत, आमचे लायब्रेरियन, 'शूऽऽ' करत होते, अन् आज मी रिटायर होऊन राह्यलो तं तेच म्हणते, बोला! वरून हा भैयाजी, माहा जोडीदार चपराशी, चिवड्याचा फक्का मारता मारता म्हणते, 'नत्थूजी, मनात कोणाबद्दल काही असन तं माफ करून जा गा.' माफ करून जा? अबे, समोरच्यानं आधी माफी तं मागाले पाह्यजे! एकाची बाकी आहे. एकाचीच. सांगतो. उभं केलंच आहे तं होऊ द्या आता तुमचा चहा थंडा.

तुम्ही सारे डॉक्टर लोक... राग नका मानू, अन् मानला तरी उद्यापासून मले काय करता! सालभर तुम्ही लायब्ररीकडं फिरकत नाही. अन् दिवाळी झाली का परिषदेचा सीझन! कोणाले मद्रासले पेपर वाचाचा आहे, कोणाले इंदूरले, अन् मंग धावत येता, 'नत्थूजी, पेपर लिहून झाला, आता त्याले दहा-बारा संदर्भ तेवढे शोधून द्या, अर्जंट आहे!' अरे, मी उमरेडच्या कोष्ट्याच्या घरचा माणूस, बापानं जलमभर माग चालवला. लुगडं विणून झाल्यावर कोणी म्हणते का, आता याले काठ विणून द्या? काठ तं लुगड्यासंगच विणा लागते ना गा!

पण देत होतो शोधून. थे लाल ठोकळे, इंडेक्स. दुनियेत कोण्या डॉक्टरनं कोण्या मासिकात कायच्यावर लिहिलं, त्याची यादी, महिन्याले एक गठ्ठा, बोटीनं येते, चार महिने उशिरा, अन् अक्षर कसं तं मुंगीच्या पायाएवढं! मी शिकलो तिसरी. इंग्रजीचा अन् माहा संबंध नाही. पण मले थे अक्षरं काठावरच्या नक्षीवाणी दिसत. ए म्हणजे देवळाचं शिखर, ओ म्हणजे रुद्राक्षाचा मणी, अन् डब्ल्यू म्हणजे सरळ सरळ आपला करवती काठ! डॉक्टरनं चिठ्ठीवर नक्षी काढून द्यावी, मी ठोकळ्यात तशीच नक्षी पाहून बोट ठेवावं. चुकलो नाही कधी. विचारा दत्तोपंतले.

अन् दत्तोपंतचा कायदा तं साऱ्याइले पाठ. खिडकीशी बसून, मान खाली घालून, 'नाव सांगा, साल सांगा, पान सांगा! त्याशिवाय पुस्तक हलणार नाही!' एकदा एक मोठे सायब चष्मा विसरून गेले, परत आले, म्हणते, 'दत्तोपंत, माझा चष्मा...' तं हे मान वर न करता, 'नाव सांगा, साल सांगा, पान सांगा!' हसा, हसा. मीबी हसलो होतो तवा. तवा हसाले घरी कोणी होतं.

आता घरचं सांगतो. माही बायको, अनुसया. मी माग सोडून इथी चपराशी झालो, पण तिनं काही काम सोडलं नाही. सकाळी सैपाक झाला का चरख्यावर कांड्या, मागाले लागणाऱ्या सुताच्या नळ्या, भरत बसे, मागवाल्याइले देत जाय. एवढीशी खोली, एक खिडकी, अन् कापसाची धूळ अशी का, उन्हाच्या पट्ट्यात पाहाल तं हिवाळ्यातल्या धुक्यावाणी. संध्याकाळी मी घरी यावं, ती खोकत असे. मी विचारावं, 'काय होऊन राह्यलं वं?' ती म्हणे, 'कुठी काय? मिरचीचा ठसका लागला.' रोज! मी म्हणावं, मिरची कमी टाक. ती म्हणे, 'तुमाले फिकं लागते ना मंग.' अन् मी बावळट, ऐकून घेत होतो. जेवत होतो. वरून म्हणत होतो, वरणात मीठ कमी पडलं!

सत्तर साली ती चरख्यावरच आडवी झाली. इथी वार्डात आणली. डॉक्टर मधुसूदन होते तवा, तरुण, बोलाले गोड, आता दिल्लीले गेले. एकवीस दिवस होती. हे डॉक्टर रोज तिच्यापाशी स्टूल घेऊन बसत, इचारत, लिहून घेत. अन् एक दिवस मले व्हरांड्यात म्हणते, 'नत्थूजी, घरात कांड्या भरणाऱ्या बायकांची छाती कशी जाते, यावर कोणी नीट लिहिलेलंच नाही. मी परिषदेत पेपर वाचणार आहे यांच्यावर. नाव राहील यांचं!'

नाव राहील! ऐकलं ना तुम्ही? मी आत जाऊन तिले सांगतलं. ती हसली, खोकली, म्हणे, 'माह्यं नाव? राशनच्या कारडावर तं धड नाही छापलं त्याइनं, अनुसयाचं अनसूरया केलं, अन् आता दुनियेच्या पुस्तकात छापतेत का?' मी म्हटलं, छापतेत वं, डॉक्टर बोलला आहे. म्हणे, 'मंग मले दाखवजा.'

त्याच्या चौथ्या दिवशी गेली.

...पाणी नको रे भैयाजी. बस तू. चिवडा खा.

तं मंग मी पाहाले लागलो. एकाहत्तर साली डॉक्टरनं इंदूरच्या परिषदेत पेपर वाचला, येऊन मले म्हणते, 'नत्थूजी, फार टाळ्या पडल्या.' म्हटलं, जिच्यावर लिहिलं तिचं नाव आता इंडेक्समध्ये येईन. आमचं आडनाव निनावे. दवाखान्यातल्या एका पोराकडून कागदावर नक्षी काढून घेतली, निनावे, अन् पुढं ए. एन, आय, एन... शिखर अन् करवती काठ दोन्ही आहे आमच्या आडनावात! नवा गठ्ठा आला का पोतं फाडल्याबरोबर एनचं पान. नाही. पुढच्या महिन्यात... नाही. बहात्तर, त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर... दत्तोपंतले वाटे, काय मेहनती माणूस, रोज इंडेक्सची धूळ झटकते! सव्वीस जानेवारीले माहा सत्कार केला यांनी, खरं सांगतो, 'संदर्भग्रंथांची उत्तम निगा' म्हणून! अरे, निगा कायची? मी माही बायको शोधून राह्यलो होतो!

अन् तुम्ही म्हणाल, इचारलं काहून नाही? कोणाले इचारू? डॉक्टर तं दिल्लीले निघून गेले होते, अन् हे दत्तोपंत म्हणतीन, नाव सांगा, साल सांगा, पान सांगा! नाव होतं माह्यापाशी. सालबी होतं. पान नव्हतं!

अन् शहात्तर साली... सापडलं! निनावे ए.! बोट ठेवलं, कागद बाजूले धरून पाह्यला. हुबेहूब तीच नक्षी! पाव किलो पेढे आणले, भैयाजीनं चार खाल्ले, कायचे पेढे ते इचारलंबी नाही. मंग एका शिकाऊ डॉक्टरले म्हटलं, सायब, हे वाचून द्या जराक, काय लिहिलं आहे. तो वाचते, वाचते, अन् म्हणते, 'नत्थूजी, हे म्हशीच्या पोटातल्या जंतांवर आहे.' म्हटलं, बाई नाही? म्हणे, 'नाही, म्हैस. आणि हे निनावे कोणी जनावरांचे डॉक्टर आहेत.' आता बोला! त्या दिवशी घरी गेलो अन् तिच्या फोटोसमोर पेढा ठेवला, म्हटलं, अनुसया, म्हैस निघाली वं! असती तं पोट धरून हसली असती... खोकली असती.

असे बारा साल गेले गा. बारा!

मांगच्या साली ह्या शोभाताई, नव्या डॉक्टरीण, आल्या. त्या तिथी बसल्या आहेत, पदरानं डोळे पुसू नका ताई, मी काही मेलो नाही. त्याइले परिषदेले पेपर वाचाचा होता, अन् कायच्यावर? कांड्या भरणाऱ्या बायकांच्या छातीवर! माह्यापाशी आल्या तं माहं बोट एनच्या पानावर. म्हणते, 'नत्थूजी, काय शोधताय?' बारा सालात पहिल्यांदा कोणी इचारलं. सांगतलं सारं. तं त्याइनं खुर्ची ओढून घेतली. मंग हळूच म्हणते, 'नत्थूजी... परिषदेत नुसता वाचलेला पेपर यात येत नाही हो. मासिकात छापला तरच येतो.'

मी दत्तोपंतकडं पाह्यलं. दत्तोपंत म्हणते, 'अहो, नाहीच येत. मला विचारायचं!'

तुम्हाले विचाराचं? तुम्हाले?

अन् अजून आहे. ताई म्हणते, 'आणि पेशंटचं नाव छापत नाहीत, नत्थूजी. ते गुप्त ठेवावं लागतं.' गुप्त! आडनाव निनावे, अन् वरून गुप्त! म्हणजे जे नाव कोणी छापणारच नव्हतं, थे मी जो पेपर इंडेक्समध्ये येणारच नव्हता त्याच्यात शोधून राह्यलो होतो. जंतांची यादी आहे, म्हशीची आहे, बाईची नाही!

पण शोभाताईनं दिल्लीले पत्र टाकलं. डॉक्टर मधुसूदननं परिषदेचं जुनं पुस्तक धाडलं, पातळसं, अन् संगं चिठ्ठी, 'नत्थूजी, नाव राहील म्हणजे नाव छापून येईल असा अर्थ तुम्ही घेतलात, माझं चुकलं, मी नीट सांगायला हवं होतं. क्षमा करा.' तं त्यांची माफी आली. दत्तोपंतनंबी मांगतली, खिडकीतून बाहेर येऊन, माह्या खांद्यावर हात ठेवून, अन् त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी स्वतः टेबलावरून पुस्तक हलवलं, नाव-साल-पान न इचारता. खोटं काहून बोलू?

तं मंग बाकी कोण? सांगतो ना गा.

सत्ताविसावं पान. सात ओळी. ताईनं मराठीत सांगत सांगत वाचलं. 'एक स्त्री, वय एक्केचाळीस, घरी कांड्या भरते.' म्हटलं, हीच! 'छाती दाटणे, खोकला, तीन वर्षांपासून.' म्हटलं, थांबा. तीन? तीन महिने असन. 'नाही नत्थूजी, तीन वर्षं लिहिलंय.' अन् पुढं... ताई पुस्तक मिटाले लागल्या. म्हटलं, वाचा. 'रोगिणीने त्रास घरी लपवला. पतीचा स्वभाव तापट. तो डॉक्टरांशी भांडेल आणि नोकरी जाईल, अशी तिला भीती.'

तापट? मी? मी टेबलावर असा हात हाणला का दौत सांडली, म्हटलं, कोण म्हणते मी तापट? अन् सारी लायब्ररी माह्याकडं पाहून राह्यली... अन् दत्तोपंतनं, त्या दिवशी, 'शूऽऽ' नाही केलं.

पाहा कसं झालं. बारा साल तिचं नाव शोधलं, अन् छापून मी निघालो! अर्धी ओळ! धूळ मी झटकली, छाती तिची गेली, अन् पुस्तकात कोण, तं तापट नवरा!

मी रोज इचारत होतो ना? मिरचीचा ठसका म्हणे. मले मिरची, अन् त्या स्टुलावरच्या परक्या माणसाले एकवीस दिवसात सारं! भांडलो असतो ना मी. भांडलोच असतो, साऱ्याइशी, एकेका डॉक्टरची गचांडी धरली असती, गेली असती नोकरी तं मागावर बसलो असतो पुन्हा. पण ती असती ना समोर बसलेली. एवढं मले सांगाले पाह्यजे होतं का नाही? तुम्हीच सांगा!

तं भैयाजी, तू म्हणतो माफ करून जा. करतो ना. पण तिनं माफी मांगतली कुठी? दत्तोपंत, घ्या कागद, तुमच्याच कायद्यानं लिहून घ्या, अन् सापडली तं मले कळवा. साल एकाहत्तर. पान सत्तावीस. नाव... छापलेलं नाही, मीच सांगतो. नीट लिहा, राशनच्या कारडावाणी नको.

अनुसया.