शशीताईंचं काम, माझं नाव

जय भीम. एवढ्या बर्फात तुम्ही नॉर्थ यॉर्कहून, ग्वेल्फहून इथं हॅमिल्टनला आलात. शशीताईंसाठी आलात. मला चार शब्द बोलायला सांगितलंय. मी त्यांचा अपराधी आहे. ते आज सगळ्यांसमोर सांगतो. पल्लवी, तू काल ऐकलंयस, तरी परत ऐक, तुझ्या आईबद्दल आहे.

शशीताई हॉस्पिटलात एक्स-रे काढायच्या. रिटायर झाल्या आणि बेसमेंटमध्ये फोटो करायला लागल्या. फोटोग्राफीच्या अगदी पहिल्या काळातल्या पद्धतीनं. कागद मिठाच्या पाण्यातून काढायचा, वाळवायचा, वर चांदीचं रसायन फिरवायचं आणि उन्हात ठेवायचा. बोटं काळी व्हायची. "ग्रोसरीतली कॅशियर माझ्या हातांकडंच बघते रे, नितीन," म्हणायच्या आणि हसायच्या.

फोटो पहिल्यांदा कुणी काढला, यावर त्यांनी दोन वर्षं वाचलं. मग एका लायब्ररीत प्रदर्शन ठरलं. फोटो त्यांचे. मजकूर त्यांचा. मी काय केलं? स्पेलिंग तपासली.

"बोल तूच," त्या म्हणाल्या. "माझं इंग्रजी लोकांसमोर अडतं."

मी बोललो. त्यांनीच शोधलेली एक गोष्ट सांगितली. पॅरिसमधल्या एका कारकुनानं स्वतःच्या पद्धतीनं कागदावर फोटो उतरवला होता. एका वजनदार माणसानं त्याला सांगितलं, जरा थांब. तो थांबला, आणि फोटोच्या शोधाचा मान दुसऱ्याला मिळाला. मग निषेध म्हणून त्यानं स्वतःचाच फोटो काढला, बुडून मेलेल्या माणसाचं सोंग घेऊन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला!

नंतर पेपरची वार्ताहर बाई आली. विचारलं, "किती दिवस लागले तुम्हाला?"

मी म्हणालो, "टू इयर्स."

ताई दोन पावलांवर उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही. लायब्ररीनं दोन फोटो कायमचे ठेवून घेतले, फॉर्मवर फोटोग्राफरचं नाव विचारलं. मी माझं लिहिलं. का लिहिलं? कुणी बळजबरी केली नव्हती.

पेपर आला तेव्हा ताईंचा फोन आला. "तुझा फोटो छान आलाय रे." बस, एवढंच. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढं त्यांनी जेवायला बोलावलं, मी बिझी आहे म्हणालो. तीनदा म्हणालो.

गेल्या महिन्यात आजारी ताईंना भेटायला हॉस्पिटलात गेलो, माफी मागायचीच असं ठरवून. तासभर बसलो. विंटर टायर्सवर बोललो! निघताना त्या म्हणाल्या, "गाडी सावकाश चालव." मी "हो ताई" म्हणालो आणि लिफ्टमध्ये रडलो. परत वर गेलो नाही. आठवड्यानं त्या गेल्या.

काल पल्लवीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मॉमला ठाऊक होतं. शी वॉज वेटिंग फॉर यू टू से इट."

आज सकाळी लायब्ररीत जाऊन मी लेखी दिलंय. फोटोंखालचं नाव बदलतील. पण ताईंना ते वाचता येणार नाही, आणि हे माझ्यामुळं झालंय.

मित्रहो, मला माफ करा असं मी तुम्हाला म्हणणार नाही. ज्यांना म्हणायचं होतं, त्या राहिल्या नाहीत. आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं कुणीच काही बोलू नये. मीसुद्धा नाही; मी खूप बोललो, आणि बरंचसं त्यांचंच बोललो.

शशिकला गायकवाड यांना विनम्र अभिवादन.