खुडूक कोंबडी आणि रविवारचं ऑम्लेट

नाही, पण मी म्हणतो, अख्खं परस मोकळं पडलेलं असताना हिला माझ्या कोथिंबिरीवरच बसायचं होतं? हिला म्हणजे कोंबडीला हो! बायको कशाला बसेल कोथिंबिरीवर? बायको तर म्हणते, परसात फरशी टाका, चिखल तरी जाईल एकदाचा... तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं शिंपीकाम केलं मी, वाफेसुद्धा टेप लावून आखले! दोन रोपांत दीड फूट, सूतभर इकडेतिकडे नाही. चार वाफे, तीन कोंबड्या, आणि थंडी सरल्यावर टोमॅटो असे काही लालबुंद झालेत... अहो, घरचं आहे सगळं, घरचं!

याच तोऱ्यात मेहुण्याला सांगून बसलो, "रविवारी ये. अंडी, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर, एक वस्तू बाजारची नाही, असं ऑम्लेट खिलवतो!" बायको शेजारीच उभी. म्हणाली, "आणि नाही जमलं, तर त्याच दुपारी फरशीवाल्याला बोलावते." आता बोला!

आणि नेमकी त्याच आठवड्यात तांबडी झाली खुडूक. म्हणजे अंडी द्यायची बंद आणि उबवायला ठाण मांडायचं! कुठे? कोथिंबिरीत! हात नेला की अंग फुगवते, टोचते... पण मला काय भरून आलं म्हणून सांगू! म्हटलं, आई व्हायचंय पोरीला. मग काय, बाकीच्या दोघींनी अंडं घातलं की सरकव तिच्याखाली, दुसरं घातलं की सरकव... नऊ झाली! नऊ पिल्लं दुडुदुडु धावताना दिसायला लागली मला, आणि तीही घरची हो, घरची! ऑम्लेट? ते कुणाच्या लक्षात राहतंय!

रविवारी मेहुणा आला. वाकून बघतो आणि म्हणतो, "दाजी, कोंबडा कुठंय?"

"कोंबडा कशाला? पहाटे झोपमोड करायला?"

"अहो दाजी, कोंबड्याशिवाय पिल्लं निघतील कशी?"

...चाळीस वर्षांत बाही विसरून शर्ट दिला नाही हो मी कुणाला! आणि इथे?

अंडी बाद, कोथिंबिरीचा चोथा, आणि आता परस जाणार! शेवटी एक टोमॅटो चिरला, मिरची-मीठ भुरभुरलं, ताटली पुढे ठेवली. म्हटलं, कसं का असेना, घरचं आहे, घरचं! मेहुणा खो खो हसतोय, "हे ऑम्लेट? ताई, टाक बाई फरशी!"

बायकोनं एक फोड तोंडात टाकली. थांबली. दुसरी टाकली. आणि सख्ख्या भावावर अशी कडाडली, "हसतोस काय रे? तुझ्या दारात गवताची काडी तरी उगवते का? खा गुपचूप!"

माझी छाती ही एवढी फुगली! तेवढ्यात बायकोनं आधीच सांगून ठेवलेला फरशीवाला दारात हजर. बायको म्हणते कशी, "फरशीबिरशी काही नको. आलाच आहात तर माझी बाग बघून जा." माझी बाग! आणि फिरवतेय त्याला, "हे माझे टोमॅटो... ही माझी तांबडी, हळू बोला, बसलीय ती..."

तो बिचारा माझ्याकडे बघून विचारतो, "आणि हे काका?"

"हे होय? हे पाणी घालतात."