स्प्रिंगा आणि सुतळी

हॅलो?

हॅलो… कोण?… जरा मोठ्यानं बोला… अगं अक्का, तू होय! धुळ्याहून? मग कुजबुजतेस काय? एसटीडीचं बिल आवाजावर येत नाही.

हो, सगळे बरे. सुनंदा बरी, मी बरा. माझं पोट तर दिवसेंदिवस जास्तच बरं होतंय.

नाना?… हो, अजून इथेच आहेत. महिना होईल आता… मलाही खरं वाटत नाही. आई गेल्यापासून चौथी रात्र काढली नाही कुणाकडे. तुझ्याकडे तर दुसऱ्याच दिवशी पिशवी भरून ओट्यावर बसले होते… नाही, नाही, तुझ्या वरणाचा दोष नव्हता. मी कुठे तसं म्हणालो?

काय?… गादी?

अच्छा, सुनंदा म्हणाली. म्हणजे तुझ्या या लीलाधरनं स्प्रिंगची गादी आणली, नाना त्या गादीसाठी राहिले, आणि आता तू तश्शीच गादी घेणार, म्हणजे पुढे नाना धुळ्याला… वा! जिजाजींना कळलंय का हे?… त्यांच्याच कमरेचं नाव पुढे केलंयस? शाबास.

नाही गं, हसत नाही. खोकला आला… अगं, सांगतो ना. गादीबद्दल तू अगदी योग्य माणसाला विचारलंस. ग्राहक चार वस्तू पारखून, विचार करून, सगळ्यांत चांगली कशी निवडतो, हे मी वर्गात वीस वर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवतोय. स्वतः काही निवडण्याची वेळ मात्र ही पहिलीच. सुनंदासुद्धा नानांनीच निवडली होती.

हो, ती ऐकतेय. लाटणं हातात आहे.

ऐक. तीन-चार प्रकार असतात. काथ्याची गादी, ती कडक. अंगावर वळ उठतात, पण टिकते. मग साधा फोम. त्याच्या वाट्याला जाऊ नकोस. दोन उन्हाळे झाले की बिस्किटासारखा भुगा पडतो. स्प्रिंगची नुसती घेतली तर स्प्रिंगा पाठीला टोचतात. म्हणून मी काय घेतलं, खाली स्प्रिंगा आणि वर रबराचा जाड थर. झाडाच्या चिकाचं रबर हं, केमिकलचं नाही. दुकानदार त्याला लॅटेक्स म्हणतो. मीही म्हणायला लागलोय, कॉलेजात वजन पडतं.

पारखायचं कसं?… कोपऱ्यावर गुडघा रोवायचा. गुडघा उचलला की रबर लगेच वर आलं पाहिजे, विचार करत बसता कामा नये. मग काठावर बसायचं. काठ खचला तर उठून चालू लागायचं. स्प्रिंगेची तार जाड हवी. मग गादी नाकानं हुंगायची. शाळेतल्या खोडरबराचा वास आला तर खरी… हो, मी हुंगली. भर नेहरू चौकात, समोर काच लावलेल्या दुकानात, प्रोफेसर लीलाधर पाटील गुडघे टेकून गादी हुंगत होते. बाहेर माझे दोन विद्यार्थी केळी खात उभे होते.

नाही, तेवढ्यावर भागलं नाही. दुकानदार रूपचंदशेठ म्हणाला, सर, गादी बोटानं नाही, पाठीनं घ्यायची, आडवे व्हा. मी झालो. सुनंदाला म्हणालो, तू त्या टोकाला बस आणि हल. एक जण हलला तर दुसऱ्याला कळता कामा नये, असं त्या पत्रकात छापलं होतं… ती हलली की नाही, मला काय माहीत? मला झोप लागली.

अगं खरंच. सुनंदा म्हणते, घोरत होतो. ती समोरच्या दुकानातून वाटाणे घेऊन आली तरी मी आपला पारखतोच आहे. शेठनं तेवढ्या वेळात माझ्याकडे बोट दाखवून दोन गाद्या विकल्या.

हो, टिकाऊ! अगदी टिकाऊ. पंधरा वर्षांची गॅरंटी लेखी. मी म्हटलं, नाना नव्वदीचे होतील तरी गादी हलायची नाही.

(सुनंदा, दार लोटून घे जरा. नाही, नाना मागे गॅलरीत आहेत, उन्हात बसलेत. लोट तरी.)

अक्का, आहेस का?… आता खरं सांगू? जिजाजींना सांगायचं नाही. तुझ्या जावेला तर नाहीच नाही.

नाना त्या गादीवर एकदाही झोपलेले नाहीत.

एकदाही नाही. पहिल्या रात्री बसले, गादीनं त्यांना वर उडवलं. उठले आणि गादीकडे अशा नजरेनं बघितलं, जणू घरच्या बैलानं लाथ मारली. मग खाली गोधडी टाकली. पलंगावर पंधरा वर्षांची गॅरंटी, फरशीवर नाना. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तेच.

मी काय करणार? समजावलं. स्प्रिंगेचं शास्त्र समजावलं, आकृती काढून. म्हणाले, "पोऱ्या, झोप लागाले शास्त्र कसाले लागस?"

हो… हो ना. आणि चौथ्या दिवशी सकाळी पिशवी भरलेली. दुपारच्या एरंडोलच्या गाडीनं गावी निघणार. मला कॉलेज होतं. वर्गात मागणी आणि पुरवठा शिकवत होतो आणि डोळ्यांपुढे आपला गोठा… तोच, गेल्या उन्हाळ्यातला. पाय घसरून पडले ते शेजारचा निंबा दूध मागायला येईपर्यंत एकटेच तिथे पडून. तो आला नसता तर?… हो, तू रडू नकोस आता. म्हणून तर गादी आणली ना गं. दुसरं काय सुचणार मला? नाना, राहा, असं तोंडानं म्हणता आलं असतं तर एवढी खरेदी कशाला केली असती?

तसं कधी म्हणालोच नाही. तू म्हणालीस का?… तेच तर. आपल्या घरात असं कुणी बोलतं का?

ऐक ना पुढे. मी कॉलेजात, सुनंदा गिरणीवर. आणि गल्लीत पिंजारी आला. टुंग टुंग करत… हो, अजून येतो आमच्याकडे. नानांना वाटलं, चार दिवस पोराचं खाल्लं, जाताना काहीतरी काम करून जावं. पोराची गादी केव्हाची पिंजलेली दिसत नाही, म्हणूनच टेकाडं आलीत तिला. आपल्याकडे कशी, दरवर्षी उसवायची, पिंजायची, भरायची. हाक मारली त्याला.

हो.

हो, अक्का. उसवली.

हस, पोटभर हस… नाही, मी थांबतो. बिल तुझंच येणार आहे.

दोघं म्हातारे बसले, चारी बाजूंनी शिवण कापली. खोळीत हात घातला तर कापूस नाही! त्या पिंजाऱ्यानं, याकूबभाईनं, रबराचा थर उचलला, फाडून त्याची ढेकळं केली आणि त्यावर पिंजण चालवून पाहिलं. प्रामाणिक माणूस, घेतलेलं काम सोडत नाही. रबर काही पिंजलं जाईना. म्हणून खालचं कापड कापलं, आणि एक स्प्रिंग सुटून थेट देवघरात.

मी आलो तेव्हा दोघं समोरासमोर उकिडवे बसलेले, मधे त्या स्प्रिंगा. मयताला बसावं तसे. नाना मला म्हणतात, "लीला, ह्यामा कापूसच नही! बठ्ठं लोखंड शे! फसाडं तुले दुकानदारनी!"

मग मी सांगितलं. की नाना, ही अशीच असते. लोखंडाचीच घेतली होती.

अगं, त्यांचा चेहरा… नाही, रागावले नाहीत. तेच वाईट होतं. जेवले नाहीत. आपल्या नानांना कधी कुणाची माफी मागताना पाहिलंयस तू? मीही नाही. पिशवीजवळ गेले. मला वाटलं, निघाले आता. तर त्यांनी पिशवीतून धोतर काढलं आणि परत खुंटीला टांगलं. म्हणाले, "मी बिघाडी, मीच नीट करसू. तोपावत कोठे जात नही."

हं. कळलं आता, का राहिले ते?

गादीमुळेच म्हणायचं. सुनंदा खोटं बोलली नाही.

तेव्हापासून रोज सकाळी चहा झाला की नाना गादीपुढे. दाभण आणि सुतळी. एकेक स्प्रिंग दुसरीला बांधायची, खाट विणतात तशी. रबराची ढेकळं एकमेकांना शिवायची. घरचा कापूस मागवलाय, निंबानं दोन पोती पाठवली. रबराच्या वर कापसाचा थर घालणार म्हणे. तू बघायला हवं होतंस, शेजारचे दोन रिटायर लोक रोज येऊन सल्ला देतात. नाना त्यांना शिव्या देतात. भरीत खातात. रंग उजळलाय त्यांचा.

दुकानदार?… गेलो होतो ना. तोंड लपवून गेलो. शेठनं गॅरंटीचा कागद दोनदा वाचला. म्हणाला, सर, बदलून न देण्याच्या कारणांत आग आहे, पाणी आहे, उंदीर आहेत. पिंजारी लिहिलेला नाही. म्हणजे मना करता येत नाही. बदलून देतो.

हो, नवी. फुकट. दारात आणून.

नाही घेतली.

वेडा नाही झालो… अगं, विचार कर ना! नवी गादी दारात आली की नानांनी जुनीचं काय दुरुस्त करायचं? त्याच दिवशी धोतर खुंटीवरून पिशवीत. शेठ माझ्याकडे असा बघत होता, गॅरंटी नाकारणारं गिऱ्हाईक त्याच्या आयुष्यात पहिलंच. अर्थशास्त्रात याला काय म्हणतात विचारू नकोस. पुस्तकात नाही.

अजून एक आहे. सांगू का नको?… कुणाला नाही सांगणार? आईची शपथ?

संध्याकाळी नाना मारुतीला जातात ना, तेव्हा मी आत जातो आणि एक गाठ सोडतो.

एकच! रोज एकच. सुतळीची. स्प्रिंग सुटते, नानांचं दुसऱ्या दिवसाचं काम होतं… लाज वाटते गं, नाही कशी? पन्नाशीचा प्रोफेसर, शर्टाच्या बाह्या सरसावून पलंगाखाली घुसलेला. परवा शेजारीण साखर मागायला आली तेव्हा मी आतच होतो, पाय तेवढे बाहेर. सुनंदानं सांगितलं, सर उंदीर बघताहेत.

नाही, त्यांना संशय नाही. ते स्प्रिंगेलाच दोष देतात. "लोखंडले इमान नही," म्हणतात.

पण एक सांगू? मी सोडतो एक, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर तीन-चार सुटलेल्या असतात. नानांची गाठ कधी सुटते का, सांग. आपली गाडी भरून कापूस जिनिंगला जायचा, दोर कधी सैल झाला नाही. मी म्हटलं, हातातलं बळ गेलं असेल आता. एवढं वाईट वाटलं… हं… हो, तसंच असेल. वय झालं.

काय?… हॅलो? खरखर होतेय… तू कोणती घेऊ?… अगं, तेच विचार करतोय. थांब, आत काहीतरी वाजलं. स्प्रिंग सुटली वाटतं पुन्हा. नाना तर गॅलरीत… थांब हं, वायर पुरते का बघतो. फटीतून दिसेल…

…

अक्का.

हळू बोल. नाही, पडले नाहीत. बरे आहेत.

गादीजवळ बसलेत. चष्मा लावून… दाराकडे पाठ आहे… बांधत नाहीयेत गं.

सोडताहेत.

हो. गाठ. नखानं. ती कालची, त्यांनीच बांधलेली… आणि ही आणखी एक… त्यांना वाटतंय मी फोनमधे गुंतलोय.

…

आहे. इथेच आहे मी. दार हळूच लोटून घेतलं.

नाही, मी आत जाणार नाही. काय विचारणार त्यांना?

अक्का, ऐक, तू नवी गादी घेऊ नकोस. पंधरा वर्षांची तर मुळीच नको. तुझी ती जुनी, कापसाची आहे ना माळ्यावर? ती खाली काढ, एका कोपऱ्यात थोडी उसव, आणि नानांना निरोप धाड की बिघडलीय, धुळ्यात कुणाला नीट करता येत नाही… येतील. येतील गं. आखाजीच्या सणाआधी मात्र नाही, आमची गादी अजून व्हायचीय.

हो… ठेवतो आता. डोळे पूस. मी? मला सर्दी झालीय.

ठेव… हो नाना? कोणी नाही, अक्काचा फोन आहे! विचारतेय, गादी झाली का! मी सांगितलं, छे, कुठली, अजून पुष्कळ काम आहे!… काय म्हणता? सुतळी संपत आली?… बसा, बसा, उठू नका. आणतो. बाजारातच निघालो होतो. दोन बंडलं आणतो!