टँडीसमोर बार्लो होता म्हणून

...नाही, नाही, हसू नका! माझ्या जागी तुम्ही असतात ना, तर तुम्हीही टँडीला बाकावरच बसवलं असतंत! अहो, अमेरिकन फुटबॉलमध्ये डेल्रॉय टँडी चेंडू झेलण्यात कितीही वाघ असला, तरी समोर कोण आहे ते बघायला नको? समोर क्विन्सी बार्लो! कॉर्नरबॅक कसला, गोचीड आहे गोचीड! एकदा चिकटला की झेलणाऱ्याला श्वास घेऊ देत नाही.

तुम्हाला सांगतो, आमची फँटसी लीग म्हणजे घरचीच. आपण मोबाइलवर खेळाडू निवडायचे, रविवारी धावायचं त्यांनी, गुण आपल्याला. ज्याला आपण बाकावर बसवलं, त्याचे गुण मात्र नाहीत! पण शेवटचा येईल त्याने काय करायचं? कॉलेज प्रवेशाची परीक्षा द्यायची! शाळेतल्या पोरांबरोबर, त्यांच्याच वर्गात! मी सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या, आणि त्याच वर्गात माझी मुलगी बसणार, केली नाव तिचं. ती रडकुंडीला आलेली, "बाबा, प्लीज हरू नका ना! सगळी शाळा असेल हो तिथे!"

तर मोसमाचा शेवटचा रविवार. मी आणि आमच्या सासूबाई लॉरेन... दोघांतलं एक बुडणार. आठवडाभर मी बार्लोचे जुने सामने बघतोय, जेवताना, दाढी करताना, अहो, चर्चमध्ये पाद्री "डोळे मिटा" म्हणाले तेव्हासुद्धा! बायको म्हणते, "व्हर्नन, टँडी तुझा सगळ्यात चांगला खेळाडू ना? मग खेळव की त्याला!" अगं बाई, पण समोर कोण आहे ते बघायला नको? शेवटी टँडी बाहेर, हार्लन बीब आत. कारण बीबसमोर कालचं पोर, ओठांवरचं दूधही न सुकलेलं! आणि सासूबाई? त्यांनी सप्टेंबरात संघ लावला, पुन्हा ढुंकून बघितलं नाही.

सामना सुरू झाला... आणि टँडीच्या कोचने काय करावं? बार्लो मैदानाच्या डाव्या कडेला, तर टँडीला नेऊन मधोमध उभं केलं! बार्लो जागचा हलला नाही! कड सोडून तो कुणाच्या मागे जातच नाही म्हणे! एवढे सामने बघितले, हे मला दिसू नये? टँडीने तीन टचडाउन ठोकले, माझ्या बाकावर बसून! आणि बीबला त्या पोराने चेंडूचा वासही लागू दिला नाही. सासूबाई चिली ढवळत विचारतात, "काय रे व्हर्नन, माझं काही आलं का?" आलं हो आलं! अर्ध्या गुणाने बुडालो मी!

झालं. शनिवारी सकाळी पेन्सिल घेऊन वर्गात हजर. बाक एवढंसं, पोट एवढं! बाई म्हणतात, "पालकांनी बाहेर थांबावं." म्हटलं, बाई, मी परीक्षेला बसलोय! पोरं फिदीफिदी हसायला लागली. पुढच्या बाकावर केलीचे खांदे हलताना दिसले, म्हटलं, रडतेय वाटतं पोर... वळली तर तोंड दाबून हसत होती! हळूच म्हणाली, "बाबा, पहिलं सुचेल ते उत्तर काळं करा आणि पुढे जा. फार विचार करू नका."

गुणी पोर हो! पहिल्या प्रश्नाला बघताक्षणी 'ब' सुचलं. केलं काळं. मग वाटलं, 'क' पण काही वाईट नाही... खोडलं. पण मग 'ड'ने काय घोडं मारलंय?... बाईंनी पेपर ओढून घेतला तेव्हा माझा खोडरबर संपला होता, आणि मी अजून चौथ्या प्रश्नावर होतो.