छाटणीपासूनचा दिवस

अरे, दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. मी कॅलेंडरचा एक छोटा प्रोग्रॅम लिहीत होतो. काळ्या स्क्रीनवर कमांड टाईप करायची आणि तारखा बघायच्या. गाडी एकाच ठिकाणी अडली: नुसतं 'दिन' टाईप केलं, पुढे कुठलाच पर्याय दिला नाही, तर काय दाखवायचं? माझा मित्र मिलिंद म्हणे चालू महिना, मी म्हणे आजची तारीख. आठवडाभर भांडलो.

शेवटी कंटाळून दिंडोरीला मामांच्या द्राक्षबागेत गेलो. धुक्यात मामा घडांवरून हात फिरवत होते.

"मामा, आज तारीख काय?"

"एक्केचाळिसावा."

"म्हणजे?"

"छाटणीपासून एक्केचाळीस दिस झाले. वेलीला तारीख कळत नाय रे."

घरी येऊन तेच डिफॉल्ट ठेवलं: नुसतं 'दिन' टाईप केलं की छाटणीपासून किती दिवस झाले ते दिसायचं. दर वर्षी मामा फोनवर छाटणीचा दिवस सांगायचे, मी भरायचो.

अडीच वर्षांपूर्वी मामा गेले, बागही काढली. परवा मिलिंदनं माझा जुना कॉम्प्युटर लावला आणि 'दिन' टाईप केलं. स्क्रीनवर आलं: छाटणीपासून दिवस एक हजार बारा.

"बदल की आता हे," मिलिंद म्हणाला.

"बदलतो ना. मामांचा फोन येऊ दे."