मेल्किओरीची माळ

नाही, आधी बस. उंबऱ्यात उभं राहून असलं बोलायचं नसतं, एपिमाकी. जुमुईयाचा चेअरमन म्हणून आलायस ना – मग चेअरमनसारखा बस, ते स्टूल ओढ, त्या बकरीला ढकल बाजूला. हं. आता परत सांग. फादर येणार नाहीत. मिस्सा नाही, कबरीवर पवित्र पाणी नाही, काहीच नाही. आणि कारण काय, तर मेल्किओरी दोन वर्षं जुमुईयात दिसला नाही. आपली बारा घरं, दर शनिवारी सकाळी कुणाच्या ना कुणाच्या अंगणात प्रार्थना, आणि जो तिथे बसत नाही तो मेल्यावर चर्चचा नाही – हे तू मला सांगतोस? अरे, ही जुमुईया उभी राहिली ती याच अंगणात, तेव्हा तू चड्डी सावरत फिरत होतास. तिकडे केळीत प्रोचेस बापासाठी खड्डा खणतोय, ऐकू येतंय ना? बायका मागे चुलीपाशी आहेत. हे आत पडलेत नाताळचा कोट घालून. आणि तू मला नियम सांगतोस.

घरात प्रार्थना होत नव्हती म्हणून कोण म्हणतं? नाव घे त्याचं. एक दिवस, एक दिवस या घरात माळ चुकलेली नाही. गाईचं दूध काढून झालं की हे हात पुसत आत यायचे – पुसायचे कसले, पँटला घासायचे – आणि मरियामाऊलीच्या तसबिरीसमोर गुडघ्यावर बसायचे. मग सगळी चटईवर. ज्या पोराला बोलता आलं त्याला माळेतले आपले आपले दहा मणी, ते त्यानेच म्हणायचे, दुसऱ्या कुणी नाही. जो पेंगला त्याला पायाच्या अंगठ्याने ढोसणं. चुलीवर केळ्यांचं भांडं रटरटतंय आणि माळ संपेपर्यंत कुणाला घास नाही – आणि करपल्याचा वास आला ना, की यांची प्रार्थना अशी धावायची, माऊलीलाही दम लागत असेल. तू पण असायचास की. केळी खायला यायचास आणि प्रार्थनेत अडकायचास. डाव्या हाताने क्रूस करायचास, आठवतं? तुझ्या आईने किती चापट्या मारल्या, तरी डावाच. यांनी तुझं उजवं मनगट धरलं आणि नेलं कपाळावर, छातीवर, या खांद्यावर, त्या खांद्यावर. रोज. महिनाभर तरी. आज तू चेअरमन आहेस, त्याच हाताने क्रूस करतोस आणि म्हणतोस की तो माणूस प्रार्थनेतला नव्हता.

मग यायचे का नाहीत? सांगितलं होतं की मी तुला – गुडघे दुखतात. कॉफी तोडायचीय. गाय व्यायला झालीय. माझ्या तोंडून ती गाय दोन वर्षांत किती वेळा व्यायली, देव जाणे, आणि तूही मान डोलवायचास. लोक काय काय बोलले, मला माहीत नाही होय? म्हणे खाली बाजारातल्या ढोलवाल्या प्रार्थनेत जातो. म्हणे भगताकडे जातो. शनिवार आमच्याकडे आला की तुम्ही सगळे इथे दाटीवाटीने बसायचात आणि हे विळा घेऊन गवताला निघून जायचे, मला तोंड लपवायला जागा नसायची. तू विचारलंस एकदा, हळूच, भांडी उचलता उचलता – काकू, काकांचा आमच्यावर काही राग आहे का? नाही रे. तुमच्यावर काही नव्हतं. कुणावरच नव्हतं. आता बसलायसच तर ऐक.

आमची लेक गौदेन्सिया. तू तिच्या मिस्सेला शवपेटी धरलीस, तुला काय सांगायचं. पण कधी गेली ते तुला माहीत नाही. मोशी शहरातल्या शिवणकामाच्या दुकानातून सुटून संध्याकाळच्या गाडीने येत होती, आणि आम्ही इथे माळेला बसलो होतो. घरात जो नाही त्याचे दहा मणी हे स्वतः म्हणायचे, तिचे तिसरे दहा. चटईवरून उठलोही नव्हतो, माणसं दारात आली. रडारड सगळी, आणि हे काय विचारतात? गाडी कधी उलटली. त्या माणसाने सांगितलं, दिवेलागण झाली होती, वळणापाशी.  ती वेळ यांनी का विचारली, ते मला नंतर कळलं. तिचे मणी चालले होते तेव्हा, एपिमाकी. पवित्र मरिये, देवाच्या माते, आम्हा पापी माणसांसाठी विनंती कर, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी – हेच चाललं होतं इथे, तिच्या नावाने, परत परत, आणि तिकडे ती –

थांब. पाणी पिते.

मातीनंतर दुसऱ्या दिवशी हे बसले गुडघ्यावर. मला वाटलं, बसणारच नाहीत. बसले. सुरुवात केली. ‘विनंती कर, आता’ – आणि थांबले. आम्ही वाट बघितली. मग पुढचं मी म्हटलं. पुढचा मणी, परत तेच, ‘आता’ म्हणायचं आणि थांबायचं. त्या दिवसापासून रोज. मी प्रोचेसला बाजूला घेऊन सांगितलं, बाबा थांबले की आपण दोघांनी मोठ्याने म्हणायचं, म्हणजे कळणार नाही. कुणाला कळणार नाही? देवाला? काय माहीत, मी कुणाला फसवत होते. एकदाच विचारलं त्यांना, गाईला गवत टाकत होते तेव्हा. म्हणाले, “मी मागितलं होतं, होनोराता. त्याच वेळी मागत होतो. आता परत कुठल्या तोंडाने मागू?” रागाने नाही रे म्हणाले. चिडले असते, तसबीर फोडली असती, तर मी भांडले तरी असते. शेजारच्या दारातून रिकाम्या हाताने परत आलेला माणूस कसा बोलतो, तसं बोलले.

मग असा माणूस बारा घरांत कसा येऊन बसणार? पहिल्याच शनिवारी ऐकलं असतंत तुम्ही. कुणी समजूत घातली असती, कुणी कान टोचले असते, कुणी फादरांपर्यंत नेलं असतं. घरात बरं होतं. घरात त्यांनी थांबायचं आणि मी पुढचं उचलायचं. नवरा-बायकोचं असंच असतं.

आता असं बघू नकोस. झालं, मी स्वतःच सांगून बसले. ते रोज माळ म्हणायचे हे सांगायला तुला बसवलं, आणि ते ती पुरी म्हणत नव्हते हे माझ्याच तोंडून निघालं. माझं तोंड कायम असंच. असू दे. मग उरलेलंही घेऊन जा.

काल उजाडता उजाडता यांचा श्वास बारीक झाला. प्रोचेस धर्म शिकवणाऱ्या कॅटेकिस्टला बोलवायला धावला. मी एकटी. माळ यांच्या बोटांत गुंडाळली आणि सुरू केलं. आवाज नव्हताच, ओठ हलत होते, माझ्याबरोबर येत होते. ‘विनंती कर, आता’ – तिथवर आले आणि थांबले. नेहमीसारखे. आणि माझ्याकडे बघितलं. माझी पाळी होती ना. दोन वर्षं, एकेका मण्याला, ओरडून म्हटलंय मी ते. आणि काल माझी जीभच उचलेना. पुढचे शब्द काय आहेत, तुला माहीत आहे. ते म्हटले तर मी जा म्हटल्यासारखं होईल, असं वाटलं मला. मी म्हणत नाही तोवर ती वेळ आलेलीच नाही. वेडी. ते वाट बघत होते, एपिमाकी. मी म्हणेन म्हणून माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि मी गप्प बसले. मग ते बघत होते, पण बघत नव्हते.

म्हणून म्हणते, जा फादरांकडे. सांग, त्या घरातून एकाला काढायचंय, नाव होनोराता. माझं नाव खोड. मी मेले की येऊ नका कुणी, घंटा नको, पाणी नको, प्रोचेस टाकेल मला गोठ्यामागे. पण यांच्यासाठी या. यांच्या वाटणीचे ते शब्द राहिलेत, ते कुणीतरी यांच्यापाशी उभं राहून म्हणायला हवेत. मला नाही जमलं. मला आत्ताही जमत नाहीये, बघतोयस ना तू, सबंध प्रार्थना म्हणायला गेले की तिथेच येऊन थांबते.

रडतोस काय, चेअरमन आहेस. ऊठ. चहा नको आता, परत आलास की घे. फादर चर्चमधून निघायच्या आत गाठ त्यांना, आणि नाही म्हणाले तर तेही येऊन सांग, मधल्या कुणाबरोबर निरोप नको. जा. मी आत जाते. बोलत बसले, आणि ते कधीचे एकटेच आहेत.